काचपेटीतले हात

दोन्ही हात कोपरातून वर उचललेले, बोटं पसरलेली, आणि दार कोपराने ढकलत आत येणारा माणूस तुम्ही दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीशी पाहिला असेल. आमच्या शाळेत तो स्टाफरूममध्ये यायचा. चहाचा कप समोर आला तरी आमच्या विज्ञानाच्या सरांचे हात क्षणभर हवेतच असायचे. मग त्यांच्या लक्षात यायचं की हा चहा आहे, बाटलीतलं रोप नव्हे, आणि ते हळूच कप उचलायचे. पोरांनी त्यांचं नाव 'हातवर सर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. पोरांसाठी, "हात वर, तोंड बंद." आणि सगळ्यांसाठी, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं." हे दुसरं वाक्य ते जंतूंबद्दल बोलायचे. आमचे मुख्याध्यापक भाविक. त्यांना वर्षभर वाटत होतं की सर परमेश्वराबद्दल बोलतायत. ते दर वेळी डोळे मिटून मान हलवायचे, आणि सरांनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

मी या शाळेचा प्रयोगशाळा परिचर. लोक शिपाई म्हणतात, पोरं मामा म्हणतात, मला दोन्ही चालतं. नवापूरच्या डोंगरपट्टीतल्या या शाळेत मी शहाद्याकडून आलो तेव्हा केस काळे होते. इथे पोरांची घरची बोली मावची किंवा इथल्या आदिवासींची कोकणी, माझी अहिराणी, सरांच्या घरी हिंदीत गुजराती मिसळलेली, आणि पुस्तक बिचारं शुद्ध मराठीत. सर नवापूर गावातले. त्यांच्या वडिलांचं बाजारात स्टोव्ह आणि कुकर दुरुस्तीचं दुकान, तीन पिढ्यांचं मुसलमान कारागिरांचं घर. पण माझ्याशी बोलताना ते अहिराणीत शिरायचे, आणि माणूस आपल्या बोलीत बोलला की त्याच्यावर रागावणं अवघड जातं.

मी मात्र पहिल्याच आठवड्यात रागावलो होतो.

"भाऊ, प्रयोगशाळानी चावी कोठे शे?"

"चावी मन्हाकडे शे. सामान सगळं मोजेल शे," मी म्हणालो.

"मोजेल ते ठीक शे. वापरेल शे का?"

खरं सांगायचं तर नव्हतं. तपासणी आली की मी कपाटं उघडायचो, धूळ पुसायचो, तपासणी गेली की कुलूप लावायचो. इतक्या वर्षांत माझी एक परीक्षानळी फुटली नव्हती आणि मला त्याचा अभिमान होता. सरांनी सूक्ष्मदर्शक बाहेर काढला तर त्याच्या नळीत कोळ्याने संसार मांडलेला. ते काही बोलले नाहीत. कोळ्याला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडलं आणि म्हणाले, "पडी पडीसन खराब व्हस, त्यानापेक्षा वापरीसन फुटेल बरं." पुढच्या दोन महिन्यांत अकरा परीक्षानळ्या फुटल्या. प्रत्येक फुटलेली नळी मी वहीत लिहून ठेवत होतो.

नववी-दहावीच्या विज्ञानात जैवतंत्रज्ञानाचे धडे आहेत. आधीचे गुरुजी ते व्याख्या पाठ करून घेऊन संपवायचे. 'उती संवर्धन म्हणजे' अशी सुरुवात केली की अख्खा वर्ग पाढ्यासारखा पुढचं म्हणून टाकायचा. सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक मिटलं आणि विचारलं, सुट्टीत केळी लावायला कोण कोण गेलं होतं. निम्म्या वर्गाचे हात वर. आईबापांबरोबर शहाद्याकडे नाहीतर खाली गुजरातेत पोरं मजुरीला जातात, तिथे काळ्या पिशव्यांतली तयार रोपं लावतात.

"ती रोपं कुठून येतात?"

"गाडीतून," एक जण म्हणाला.

"गाडीत कुठून येतात?"

सर म्हणाले, "ती बाटलीत बनतात. एका केळीपासून शेकडो. ज्या रोपांना तुम्ही खड्डे खणता ती आता तुम्ही बनवायची." पोरं हसली. मीही मागे उभा राहून हसलो. बाटलीत केळ उगवणार आणि तेही आमच्या शाळेत. इथे नळाला पाणी येत नाही.

आधी त्यांनी केळ्यातला डीएनए दाखवला. केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी, गाळून वरून अलगद थंड स्पिरिट सोडायचं. थोड्या वेळाने पांढरे तंतू वर तरंगतात. सर सांगत होते की या धाग्यात केळीचा सगळा स्वभाव लिहिलेला आहे. मागून एका पोराने विचारलं, "सर, हे खायचं का?" नाही म्हटल्यावर तो जरा खट्टू झाला. नंतर मोजणी केली तेव्हा डझनातली चार केळी कमी होती. ती कुठे गेली यावर सरांनी चौकशी नेमली नाही.

जिन्याखाली एक अडगळीची खोली होती. तिथल्या मोडक्या बाकांची रवानगी गच्चीवर झाली, भिंतींना चुना लागला, ट्यूबलाइटी आल्या. माध्यम शिजवायला सरांच्या वडिलांनी दुकानातला मोठा कुकर नवं रबर बसवून पाठवला. म्हातारा स्वतः येऊन शिट्टीचा आवाज ऐकून गेला आणि म्हणाला, ठीक बोलतोय. खिडक्यांना काचा बसवणाऱ्याकडून पेटी करून घेतली, पुढच्या बाजूला हात घालायला दोन गोल भोकं. भोकांना बाह्या शिवल्या माझ्या बायकोने, जुन्या गणवेशांच्या. बाटल्या हायवेवरच्या ढाब्यांवरून, मसाला दुधाच्या जाड काचेच्या. त्यात साखर, क्षार आणि चायना ग्रासचं घट्ट माध्यम, तोंडाला कापसाचं बूच, वर कागदाची टोपी दोऱ्याने बांधलेली. केळीच्या बुंध्याशी पिल्लू फुटतं, त्याची सालं काढत काढत आतला बोटाच्या पेराएवढा पांढरा कोंब काढायचा, आणि पेटीत हात घालून तो बाटलीत बसवायचा. हवेतला एक जंतू आत गेला की खेळ खलास, कारण साखर त्यालाही आवडते.

पहिल्या खेपेला सगळ्या बाटल्यांत बुरशी आली. दुसऱ्या खेपेलाही. मी मनात म्हणालो, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. सर मात्र प्रत्येक बाटली पोरांच्या हातात देऊन विचारायचे, ही कुठून शिरली असेल.

तेव्हा प्रमिला पहिल्यांदा बोलली. नववीतली, शेवटच्या बाकावरची. तिचा बाप हायवेजवळच्या एका पोल्ट्रीवर शेड सांभाळायचा आणि घर तिथेच आवारात. सुट्टीच्या दिवशी तीही अंडी वेचायची, शेडला चुना मारायची. चुन्याने तिचे तळवे पांढरे पडून भेगाळलेले असायचे. वर्गात पोरी तिच्या शेजारी बसताना नाकाला पदर नसला तरी पदर असल्यासारखं करायच्या. तिला 'कोंबडी' म्हणायच्या.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पायातून."

"म्हणजे?"

"आमच्या शेडात जाताना पाय औषधात बुडवतात. नाहीतर पक्षी मरतात. तुम्ही हातच धुता."

दुसऱ्या दिवशी खोलीच्या उंबऱ्याशी पसरट घमेल्यात औषधाचं पाणी आलं आणि मुख्याध्यापकांसकट सगळ्यांना पाय बुडवल्याशिवाय आत बंदी. मुख्याध्यापकांनी ते गंगाजलासारखं मानून घेतलं. सर मला म्हणाले, इतकी वर्षं शिकलो, चपलेचं लक्षात आलं नाही.

मग त्यांनी प्रमिलाला पेटीवर बसवलं. तिची आई बांबूच्या टोपल्या विणते, त्यामुळे पोरीला पातळ साल सोलायची सवय. दुसरी पोरं पात्याने कोंब तोडायची, ती उलगडायची. पेटीत हात गेले की ती वेगळीच व्हायची. खांदे खाली, श्वास हळू, तोंड तर आधीपासूनच बंद. "हात असावेत तर असे," सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी ती घरी धावत गेली, असं नंतर तिच्या बापाकडून कळलं.

तिसऱ्या खेपेला तिने सव्वीस बाटल्या भरल्या. दहा दिवस गेले, वीस गेले, बुरशी नाही. महिन्याने कोंब हिरवे झाले, फुगले, एकाचे दोन झाले. मी, बाटल्यांवर हसलेला माणूस, सकाळी झाडू मारायच्या आधी त्या बघायला जायला लागलो.

आता अडचण कुठे होती ते सांगतो. प्रमिलाच्या थोरल्या बहिणीची शाळा नववीतच सुटली होती, ती अंडी भरायच्या कामाला लागली. दिवाळीनंतर हिलाही लावायचं, असं बापाचं ठरत आलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याचं म्हणणं, शाळेत जाऊन पोरीला कोंबडीच म्हणवून घ्यायचं तर कोंबड्यांत काय वाईट. सरांनी त्याला निरोप धाडला की काही ठरवायच्या आधी एकदा येऊन पोरीच्या बाटल्या बघा. तो दसऱ्यानंतरच्या शनिवारी येतो म्हणाला. प्रमिलाचं दहावीचं वर्ष त्या सव्वीस बाटल्यांवर अडकलं होतं, हे खोलीत पाय बुडवून शिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं.

दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असतं. माझी पूजा वेगळी. दर वर्षी सकाळी लवकर आंघोळ करून येतो, तराजू, सूक्ष्मदर्शक, कपाटांची कुलपं, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. हत्यार म्हणजे लक्ष्मी, आमच्या बापाने शिकवलेलं. त्या वर्षी साहजिकच कुकर आणि काचपेटी यादीत आली. आणि बाटल्या. मी पाय औषधात बुडवले, हात धुतले, सगळं रीतसर. मग वाटलं, कागदाला कुंकू लावून काय उपयोग, कागद उद्या टाकून देतील. म्हणून एकेक टोपी सोडली, खालच्या पांढऱ्या कापसावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, फुलाने पाण्याचे चार शिंतोडे उडवले, आणि टोपी पुन्हा तशीच बांधली. सर्वांत वरच्या फळीवर चार बाटल्या होत्या. तिथे हात पोचेना, स्टूल गच्चीवर गेलेलं. त्यांना खालूनच नमस्कार केला. मी मनापासून हात जोडले होते, हे आजही सांगतो. पोरीच्या बाटल्या वाढू दे, हेच मागितलं.

शनिवारी प्रमिलाचा बाप आला. स्वच्छ शर्ट घातला होता, टोपी हातात. सरांनी त्याचे पाय बुडवून घेतले तेव्हा तो ओळखीचं हसला. वर्ग दाराशी गोळा झालेला. सरांनी फळ्यांपुढचा पडदा सारला.

बावीस बाटल्यांत बुरशी. पांढरी, काळी, केसाळ. हिरवे कोंब तिच्याखाली दबून गेलेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सर तालुक्याला प्रशिक्षणाला होते, त्यांच्यामागे खोली उघडायची नव्हती. वरच्या चार तेवढ्या स्वच्छ.

सर एक बाटली उचलून उजेडात धरून बघत होते. अशा वेळी गप्प बसावं हे मला कधी जमलं नाही. मी म्हणालो, मोठ्याने, सगळ्यांसमोर, "पोल्ट्रीतलं काहीतरी हाताला लागून आलं असेल. कितीही धुतलं तरी ते जात नाही."

पोरांत खसखस पिकली. सर झटकन वळून म्हणाले, "भाऊ, सहा आठवडे स्वच्छ असलेली बाटली आता हाताने खराब होत नसते." पण ते वाक्य शास्त्राचं, माझं वाक्य सोपं. कानात कोणतं राहणार ते तुम्हीच सांगा. प्रमिलाने हात ओढणीत घेतले. तिचा बाप टोपी डोक्यावर ठेवून, सरांना रामराम करून निघून गेला. सोमवारी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

बुरशीची बाटली उघडण्याआधी कुकरमध्ये शिजवायची, मग धुवायची, असा सरांचा नियम. ते काम माझं. किळस यायची म्हणून मी आठवडाभर टाळलं. शेवटी एक दिवस बसलो, पहिली टोपी सोडली, आणि कापसावर माझं कुंकू. ओल पसरून डाग रुपयाएवढा झालेला, आणि त्या डागातून बुरशीचा धागा खाली उतरलेला स्पष्ट दिसत होता. दुसरी सोडली, तसंच. तिसरी सोडायची हिंमत झाली नाही. ओल्या कापसातून जंतूला रस्ता मिळतो, हे सरांनी पोरांना शिकवलं तेव्हा मी तिथेच झाडू घेऊन उभा होतो. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. बाटल्या धुऊन टाकल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. जेवण जाईना. बायकोने विचारलं, पोटात दुखतंय का. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी सर एकटे खोलीत होते तेव्हा बूच नेऊन त्यांच्यासमोर ठेवलं.

"सर, बुरशी पोरीना हातनी नही. मन्हा हातनी शे."

त्यांनी बूच उलटंसुलटं करून पाहिलं. वाटलं, आता हा माणूस पहिल्यांदा चिडणार, आणि चिडायलाच हवा. त्यांनी विचारलं, "वरली फळीवर लावं व्हतं का?"

"नही. हात नही पुरना."

"बावीसले लावं, बावीस खराब. चारले नही, चार चांगल्या." त्यांचे डोळे चमकले. "भाऊ, हाऊ ते पुरा प्रयोग व्हयना." आणि ते हसले. मी हसू की रडू अशा अवस्थेत उभा. मग त्यांचं हसू विझलं आणि ते मराठीत म्हणाले, "चला. तिला सांगायला हवं."

मी घाबरत घाबरत विचारलं की पूजेचा राग आला का. म्हणाले, "आमच्या दुकानावर दसऱ्याला शेजारचे सुतारकाका तोरण बांधतात. अब्बा त्या दिवशी त्यांची वाट बघत बसतात. राग कसला." थोडं थांबून म्हणाले, "फक्त शाळेत पूजेचं नाव काढू नका. पाणी शिंपडलं गेलं एवढंच सांगू." मला तेव्हा वाटलं, मला वाचवतायत. होतंच तसं. पण दुसरंही होतं. सरांनी पूजेला नाव ठेवलं, असं कोणीतरी फिरवून सांगितलं असतं, आणि मग केळी बाजूला राहून भलतंच सुरू झालं असतं. हे त्यांना माझ्याआधी कळलं, कारण त्यांना ते आयुष्यभर कळत आलं होतं.

स्कूटरवर सर पुढे, मी मागे, मांडीवर खोक्यात चार बाटल्या. पोल्ट्रीच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. प्रमिलाचा बाप बाहेर आला, पाठोपाठ ती, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात अंड्यांचा रिकामा ट्रे. मी सगळं सांगितलं. कुंकू, शिंतोडे, स्टूल, सगळं. सांगताना मान वर झाली नाही.

बाप फाटक ओढून घेऊन माझ्यासमोर आला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही आतमध्ये पूजा केली?"

"हो."

"आमच्या सेठचा नारळ गेटाच्या बाहेर फुटतो. तो बघा दगड. पूजेला महाराज आले तरी बाहेरच. इथे देवालासुद्धा पाय बुडवून जावं लागतं." आणि तो हसायला लागला. रखवालदारही हसला. सर तर स्कूटरला टेकून हसत होते. एवढी साधी गोष्ट पोल्ट्रीवरच्या माणसाला ठाऊक होती आणि प्रयोगशाळेत केस पिकवलेल्या मला नव्हती.

प्रमिला हसली नाही. ती खोक्याजवळ आली, चारही बाटल्या निरखून पाहिल्या, हात मात्र मागे. तिने विचारलं, "ह्यांच्या बुचाला कोणी हात लावला नाही ना?"

"नाही," सर म्हणाले. "आता ह्यांचे भाग करायचे आहेत. माझा हात जाड आहे, तुला माहीत आहे."

तिने बापाकडे पाहिलं. बापाने तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. बस, एवढंच.

दिवाळीनंतर ती वर्गात आली. चाराच्या चौदा झाल्या, चौदाच्या चाळीस. मुळं फुटली. रोपं आधी पिशव्यांत, मग सावलीत आणि जूनमध्ये शाळेच्या कुंपणाशी. मुख्याध्यापकांनी पहिलं रोप लावलं आणि डोळे मिटून मान हलवली. प्रमिला दहावीत गेली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण आमच्याकडे गोष्टी शिक्षण खात्याच्या आधी संपत नाहीत.

पटसंख्या घसरली, एक तुकडी कमी झाली, आणि सर अतिरिक्त ठरले. अतिरिक्त म्हणजे जास्तीचे. या माणसाला कागदावर कोणीतरी जास्तीचा म्हणून लिहिलं, याचा मला अजून राग येतो. त्यांचं समायोजन झालं धडगावच्या वरच्या डोंगरात, जिथे फोन लागायला टेकडी चढावी लागते. शेवटच्या दिवशी त्यांनी खोलीतला एकेक चिमटा माझ्याकडून मोजून घेतला, मला बरं वाटावं म्हणून. कुकर इथेच ठेवला. मग दाराशी थांबले.

"भाऊ, एक काम ऱ्हायनं."

"सांगा सर."

"तुम्ही जे पोरेसना समोर बोलनात, ते पोरेसना समोरच मांगे लेवानं ऱ्हायनं."

माझे शब्द मागे घ्यायचे राहिलेत हे मी विसरलो होतो, असं म्हणणं खोटं होईल. प्रमिलाची माफी मी फाटकाबाहेर मागितली होती, सरांनी वर्गाला पाणी शिंपडलं गेल्याचं सांगितलं होतं, पण वर्गाने ऐकलं होतं ते माझं वाक्य तसंच वर्गात फिरत होतं. तिला अजून कोंबडी म्हणत होते. तिने पेटीत हात घातला की कोणीतरी नाक मुरडायचंच. सरांना ते वर्षभर दिसत होतं, आणि मी आपणहून बोलेन म्हणून ते वर्षभर थांबले होते. पूजेची गोष्ट झाकायला त्यांनीच सांगितलं होतं, म्हणून ते मला आज्ञाही करू शकत नव्हते. मीही त्याच आडोशाला आरामात उभा होतो. सर आहेत, ते सांभाळून घेतील.

ते गेले. सोमवारी सकाळी परिपाठ झाला, प्रतिज्ञा झाली, आणि मी मुख्याध्यापकांची परवानगी मागून माईकसमोर गेलो. इतक्या वर्षांत मी माईक लावला होता, त्यात बोललो नव्हतो. सगळ्या शाळेसमोर सांगितलं. दसऱ्याला बाटल्यांची पूजा मी केली, कापूस मी ओला केला, बुरशी माझ्यामुळे आली. सरांनी मला कधी दोष दिला नाही. प्रमिलाच्या हातांचा काहीच दोष नव्हता आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. तिची माफी मागतो. रांगेत कुठेतरी कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. प्रमिला खाली बघत होती. मुख्याध्यापक डोळे उघडे ठेवून ऐकत होते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भलतंसलतं काहीच झालं नाही. दोन दिवस गावात चर्चा झाली, ती माझ्या अकलेची.

मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली आली. मी बाटल्या पुसत होतो. नववीच्या दोन पोरींना ती आता काम शिकवते, त्या बाहेर पाय बुडवत होत्या. ती त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामा, त्या शनिवारी मी घरी जाऊन हात घासले होते. राखेने. मग विटेच्या तुकड्याने. रक्त आलं तरी घासत होते. आईला सांगितलं, पडले." मग तिने बाह्यांत हात घातले आणि पोरींना आत बोलावलं.

रविवारी सर टेकडी चढून फोन करतात. केळी किती वाढल्या विचारतात, नव्या बाटल्यांत बुरशी आहे का विचारतात. परिपाठाचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी प्रमिला रोज येते ना ते विचारलं. मग म्हणाले, "भाऊ, बरं करं तुम्ही."

विटेच्या तुकड्याचं मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. वर्षभर तिच्या शेजारी बसून ते तिला शिकवत होते. हे कळलं तर तिथल्या एकट्या खोलीत त्यांना झोप लागणार नाही. ते माझ्याकडेच राहू दे. माझंच आहे ते.